पबजीतल्या ‘विन९४’वर आधी स्कोप का चढत नव्हता? जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींच्या ‘साइट’ची गोष्ट

पबजी किंवा बीजीएमआय खेळला असाल, तर मिरामारच्या वाळवंटात ‘विन९४’ नावाची रायफल तुम्ही कधी तरी उचलली असेलच. सुरुवातीला या रायफलवर कोणताही स्कोप चढत नव्हता. नंतर एका अपडेटमध्ये ती २.७ एक्स स्कोप लावूनच मिळू लागली. तो स्कोप काढता येत नाही आणि बदलताही येत नाही. बाकीच्या बंदुकांवर हवा तो स्कोप चढवता येतो, मग हिच्याच बाबतीत असं का?

गेमचा नियम गेमपुरता. पण ज्या खऱ्या रायफलवरून ही विन९४ घेतली, त्या विंचेस्टर मॉडेल १८९४ वरही स्कोप बसवणं अनेक दशकं डोकेदुखी होती. ही रायफल १८९४ पासून २००६ पर्यंत अमेरिकेत बनत होती. एकूण ७० लाखांहून जास्त बनल्या. आजही तिथल्या कितीतरी घरांमध्ये ती आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलांकडे येते.

प्रत्येक वारसदारासमोर मग तोच प्रश्न येतो. आजोबांच्या बंदुकीवर नेम धरायला जी साइट आहे ती आपल्याला नीट दिसत नाही, तर बदलायची का? बदलायची तर कोणती लावायची? आणि त्यासाठी या बंदुकीला ड्रिल मारायचं का?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यात दोन गोष्टी पणाला लागलेल्या असतात. चुकीची साइट लावली तर गोळी हरणाच्या छातीत न लागता पोटात लागते आणि ते जखमी होऊन जंगलात पळून जातं. घाईत ड्रिल मारलं तर शंभर वर्षांच्या बंदुकीला पडलेलं भोक पुन्हा बुजत नाही. म्हणून साइट निवडताना तीन प्रश्न विचारावे लागतात. ते एकेक करून समजून घेऊ.

लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे काय?

जुन्या काउबॉय सिनेमांत हिरो बंदुकीच्या चापाखालची एक कडी खाली ओढतो, वर घेतो आणि पुन्हा गोळी झाडतो. ती कडी म्हणजे लिव्हर. ती खाली केली की झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. वर घेतली की नवं काडतूस नळीत जातं.

हेन्री रायफल (१८६०), विंचेस्टर १८७३, जॉन ब्राउनिंग यांनी डिझाइन केलेलं मॉडेल १८९४, सॅव्हेज मॉडेल ९९ आणि मार्लिन ३३६ ही या घराण्यातली मोठी नावं. मॉडेल १८९४ खरी गाजली ती ‘.३०-३० विंचेस्टर’ या काडतुसामुळे. ते १८९५ मध्ये आलं. गेममधली विन९४ मात्र .४५ एसीपी म्हणजे पिस्तुलाची गोळी वापरते!

या रायफली हलक्या, सडपातळ आणि हातात पटकन येणाऱ्या आहेत. घोड्याच्या खोगिराला लावलेल्या म्यानात त्या सहज बसत. हा गुण लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

साइटचं काम काय असतं?

नेम धरण्यासाठी बंदुकीवर दोन खुणा असतात. नळीच्या टोकाशी एक छोटा उंचवटा असतो. त्याला मराठीत पूर्वीपासून ‘माशी’ म्हणतात. डोळ्याच्या बाजूला दुसरी खूण असते, ती मागची साइट. मागच्या साइटच्या खाचेत माशी बरोबर मधोमध दिसली आणि ती लक्ष्यावर टेकली, की नेम जुळला.

जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शनवर कारखान्यातून बहुधा ‘बकहॉर्न’ किंवा ‘सेमी-बकहॉर्न’ साइट यायची. बकहॉर्न म्हणजे हरणाची शिंगं. या साइटच्या दोन्ही बाजू शिंगांसारख्या वर वळलेल्या असतात आणि मधे तळाशी एक बारीक खाच असते. खाली पायऱ्या असलेली एक पट्टी असते. ती पुढेमागे सरकवली की साइट वरखाली होते.

दिसायला ही साइट देखणी आहे. अडचण अशी की डोळ्याला एकाच वेळी तीन ठिकाणी बघावं लागतं: जवळची खाच, हातभर लांबची माशी आणि शंभर मीटरवरचं लक्ष्य. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करू शकतो. तरुण डोळा ही कसरत इतक्या वेगाने करतो की आपल्याला ती जाणवत नाही. वय वाढलं की जाणवू लागते.

पहिला प्रश्न: पुंगळी कुठून बाहेर पडते?

साइट निवडण्याआधी लिव्हर खाली ओढून बघायचं की रिकामी पुंगळी कुठे जाते. अर्थात बंदूक रिकामी आहे याची खात्री करून, आणि सरावाच्या रिकाम्या काडतुसांवर.

विंचेस्टर ९४ मध्ये बंदुकीच्या मधल्या पोलादी सांगाड्याचं, म्हणजे रिसीव्हरचं, छप्पर उघडं असतं. पुंगळी सरळ वर उडते. तिथेच वर स्कोप बसवला तर पुंगळी त्याच्यावर आपटून पुन्हा आत पडू शकते आणि बंदूक अडकते.

मग ब्राउनिंग यांनी अशी रचना केलीच का? कारण त्या काळात सामान्य शिकाऱ्याच्या बंदुकीवर स्कोप नसायचाच. स्कोप होते, पण ते लांबलचक, नाजूक आणि महाग. शिकारी रायफलींवर ते सर्रास दिसू लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

त्यानंतर विंचेस्टरवाल्यांनी तीन वाटा शोधल्या.

• बाजूचा माउंट: स्कोप मधोमध न लावता डावीकडे सरकवून बसवायचा. पुंगळीची वाट मोकळी राहते. पण नजर आणि नळी आता एका उभ्या रेषेत नसतात. एका ठरावीक अंतरावर दोन्ही रेषा जुळतात, त्याच्या अलीकडे-पलीकडे गोळी आडवी सरकते. शिवाय गाल दस्त्यावर नीट टेकत नाही.

• पुढे बसवलेला स्कोप: रिसीव्हर सोडून नळीवर स्कोप बसवायचा. त्यासाठी डोळ्यापासून लांब ठेवूनही चित्र दिसेल असा खास स्कोप लागतो. याला ‘स्काउट’ पद्धत म्हणतात.

• नवीन बंदूक: १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विंचेस्टरने रिसीव्हरची उजवी भिंत थोडी खाली उतरवली आणि पुंगळी तिरकी उजवीकडे उडेल अशी सोय केली. याला ‘अँगल इजेक्ट’ म्हणतात. या रायफलींवर स्कोप मधोमध बसतो.

प्रतिस्पर्धी मार्लिन कंपनीचं डिझाइन मुळातच वेगळं होतं. मॉडेल १८८९ पासून त्यांच्या रायफलींचं छप्पर बंद आहे आणि पुंगळी उजव्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पडते. म्हणून १९४८ साली आलेल्या मार्लिन ३३६ वर स्कोप अगदी सहज बसतो. सॅव्हेज ९९ चंही तसंच.

म्हणजे दिसायला सख्ख्या बहिणी वाटणाऱ्या दोन रायफली साइटच्या बाबतीत दोन टोकांना आहेत. ‘लिव्हर-अ‍ॅक्शनवर कोणता स्कोप लावू?’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसतं.

दुसरा प्रश्न: तुमचे डोळे किती वर्षांचे आहेत?

मराठीत जवळच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. वयाच्या चाळिशीत डोळ्यातलं भिंग कडक होऊ लागतं आणि जवळचं धूसर दिसतं. पेपर हात लांब करून वाचावा लागतो. बंदुकीची मागची साइट नेमकी त्याच धूसर पट्ट्यात येते. खाच दिसतच नाही, नुसता काळा ढग दिसतो.

यावर १८७९ मध्ये विल्यम लायमन या अमेरिकन माणसाने एका साइटचं पेटंट घेतलं. कल्पना साधी होती. खाच काढून टाका, तिच्या जागी डोळ्याच्या अगदी जवळ एक छोटं गोल भोक द्या आणि त्यातून बघा. हीच ‘पीप साइट’ किंवा अ‍ॅपर्चर साइट.

हे काम कसं करतं? दोन कारणं आहेत.

पहिलं, भोकातून बघताना भोकाकडे लक्ष द्यावंच लागत नाही. गोल आकाराच्या मधोमध वस्तू आणण्याची डोळ्याला उपजत सवय असते. त्यामुळे तीनऐवजी दोनच गोष्टी बघायच्या उरतात: माशी आणि लक्ष्य.

दुसरं, बारीक भोकातून येणारा प्रकाश जास्त अंतरापर्यंत स्पष्ट चित्र देतो. चष्मा नसताना बोटांची बारीक फट करून त्यातून दूरची पाटी वाचून बघा. अक्षरं थोडी स्पष्ट होतात. तत्त्व तेच.

हे जुनं तंत्र आज आपल्या ओळखीच्या हातांत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवलं. या स्पर्धांमध्ये चित्र मोठं करून दाखवणारा स्कोप चालत नाही. नेमबाज भोकातूनच बघतात. त्यांची साइट कितीतरी जास्त अचूक आणि नाजूक असते, पण तत्त्व पीप साइटचंच आहे.

लिव्हर-अ‍ॅक्शनवर पीप साइट दोन ठिकाणी बसते.

• टँग साइट: दस्त्याच्या गळ्यावर पोलादाची एक जीभ असते, तिला टँग म्हणतात. तिच्यावर दुमडता येणारी उभी दांडी बसवायची. दिसायला अगदी त्या काळातली. पण ती डोळ्याच्या फार जवळ येते, त्यामुळे जोरात धक्का देणाऱ्या रायफलवर सांभाळून वापरावी लागते. शिवाय अंगठा ठेवायची जागाही तीच असते.

• रिसीव्हर साइट: रिसीव्हरच्या बाजूला किंवा वर बसवायची. लायमन आणि विल्यम्स या कंपन्यांच्या अशा साइट अनेक दशकांपासून लोकप्रिय आहेत. रोजच्या वापरासाठी ही जास्त सोयीची.

भोक केवढं असावं? कागदावरच्या लक्ष्यासाठी बारीक, जंगलासाठी मोठं. पहाटे किंवा संध्याकाळी झाडीत बारीक भोकातून काहीच दिसत नाही. म्हणून बरेच शिकारी भोकाची आतली चकती काढून टाकतात आणि फक्त बाहेरचं कडं ठेवतात. नेम धरताना हे कडं इतकं पुसट होतं की जवळपास नाहीसं झाल्यासारखं वाटतं. म्हणून त्याला ‘घोस्ट रिंग’ म्हणतात. भुतासारखं, असून नसल्यासारखं!

माशी लहान हवी की मोठी?

मागच्या साइटची चर्चा सगळे करतात, माशीकडे लक्ष जात नाही. थोडं गणित करू.

माशी डोळ्यापासून साधारण ९० सेंटिमीटरवर आहे असं धरा. माशीचा मणी २.४ मिलिमीटर रुंद असेल, तर १०० मीटरवर तो सुमारे २७ सेंटिमीटरचा भाग झाकतो. म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा. मणी १.६ मिलिमीटरचा असेल तर साधारण १८ सेंटिमीटर, म्हणजे नाश्त्याच्या डिशएवढा.

हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग २० ते २५ सेंटिमीटरचा असतो. याचा अर्थ, मोठा मणी १०० मीटरवर तो पूर्ण भागच झाकून टाकतो. दाट झाडीत ३०-४० मीटरवर मात्र हाच मोठा मणी पटकन दिसतो आणि उपयोगी पडतो. म्हणून बंदूक कुठे वापरणार, हे ठरवल्याशिवाय माशी निवडता येत नाही.

गोल, चकचकीत मण्याची आणखी एक खोड आहे. ऊन एका बाजूने पडलं की त्याची तेवढीच बाजू चमकते. डोळा त्या चमकेलाच मध्य समजतो आणि नेम सरकतो. म्हणून सपाट तोंडाचा मणी जास्त भरवशाचा.

तिसरा प्रश्न: बंदुकीला आधीच भोकं आहेत का?

तिन्हींतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, कारण याचं उत्तर चुकलं तर मागे फिरता येत नाही.

स्कोपचा माउंट किंवा रिसीव्हर साइट बसवायला आटे पाडलेली भोकं लागतात. बऱ्याच नंतरच्या रायफलींवर ती कारखान्यातूनच असतात. मार्लिन ३३६ च्या छपरावर असतात. नंतरच्या काळातल्या विंचेस्टर ९४ च्या डाव्या बाजूला रिसीव्हर साइटसाठी असतात. त्यांत छोटे बुजवणी स्क्रू बसवलेले असतात, त्यामुळे अनेकांच्या ते लक्षातही येत नाहीत.

जुन्या रायफलींवर मात्र ही भोकं नसतात. आणि इथेच चूक होते.

संग्राहकांच्या बाजारात मूळ अवस्थेतल्या रायफलीला मान असतो. विंचेस्टरने १९६४ मध्ये खर्च कमी करण्यासाठी उत्पादनाची पद्धत बदलली. त्यामुळे त्याआधीच्या रायफलींना ‘प्री-६४’ म्हणून वेगळी किंमत मिळते. अशा रायफलीला मागाहून एक भोक पाडलं तरी तिची किंमत बरीच घसरते. ते भोक वेल्डिंगने बुजवलं तरी जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

पैशाचा हिशेब बाजूला ठेवला तरी आजीच्या नऊवारी पैठणीला कात्री लावून ड्रेस शिवण्यासारखंच हे आहे. ड्रेस चांगला होईलही, पण पैठणी परत मिळणार नाही.

मग करायचं काय? ड्रिल न मारता जमणारे पर्याय आधी बघायचे.

• मूळ मागच्या साइटच्या खाचेत बसणारी दुसरी साइट लावायची. नळीवरची ही आडवी, तळाशी रुंद असलेली खाच बहुतेक अमेरिकन लिव्हर-अ‍ॅक्शनवर ३/८ इंचाची असते. त्यात बसणाऱ्या चांगल्या खुल्या साइट मिळतात.

• टँगवर आधीपासून भोक असेल तर टँग साइट लावायची. सुरुवातीच्या काळातल्या अनेक विंचेस्टरवर ते असतं.

• नुसती माशी बदलून बघायची. पांढऱ्या किंवा पितळी मण्यानेही खूप फरक पडतो.

• आणि शेवटचा पर्याय: आजोबांची बंदूक जशी आहे तशी ठेवायची आणि स्कोपसाठी भोकं असलेली दुसरी, साधी रायफल घ्यायची.

काढलेले मूळ भाग, अगदी बारीक स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून नावानिशी जपून ठेवायचे. पुढच्या पिढीला बंदूक मूळ रूपात आणावीशी वाटली तर हीच पिशवी लागते.

साइट बसवतात कशी?

खाचेतली साइट स्क्रूने नाही, घट्ट बसण्याने टिकते. ती ठोकून काढावी आणि ठोकून बसवावी लागते. तिथल्या कारागिरांची रीत अशी: नेम धरणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर जुनी साइट डावीकडून उजवीकडे ठोकून काढायची आणि नवी उजवीकडून डावीकडे बसवायची.

ठोकायला पितळेचा किंवा नायलॉनचा पंच वापरतात. पोलादी पंचाने साइट चेपते आणि नळीवर ओरखडे येतात. बंदूक व्हाइसमध्ये धरताना जबड्यांना चामडं किंवा लाकूड लावतात.

नवी साइट सैल बसली तर ती धक्क्याने सरकणार. फारच घट्ट असेल तर साइटचा तळ कानशीने हळूहळू घासायचा. इथला नियम पक्का आहे: घासायचं ते नव्या साइटला, बंदुकीच्या खाचेला कधीच नाही. साइट बिघडली तर दुसरी आणता येते.

पीप साइट बसवल्यावर मागची जुनी साइट काढून टाकायची, नाहीतर ती नजरेच्या मधे येते. मोकळ्या खाचेत एक सपाट पट्टी बसवली की धूळ-पाणी साचत नाही आणि दिसायलाही बरं दिसतं.

उंचीचं गणित: चुकतं ते इथेच

नवी साइट बसली, पण गोळी वर किंवा खाली लागते. आता काय?

नियम सोपा आहे. गोळी ज्या दिशेला न्यायची, मागची साइट त्याच दिशेला सरकवा. माशी मात्र उलट दिशेला. गोळी खाली लागत असेल तर मागची साइट उंच करा किंवा माशी ठेंगणी करा.

किती? त्यासाठी दोन्ही साइटमधलं अंतर लागतं.

समजा हे अंतर ४०० मिलिमीटर आहे आणि १०० मीटरवर गोळी १५ सेंटिमीटर खाली लागते आहे. ४०० ला १५० ने गुणा आणि १,००,००० ने भागा. उत्तर येतं ०.६ मिलिमीटर. एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षाही कमी! एवढ्याशा फरकाने १०० मीटरवर गोळी वीतभर सरकते.

याच गणितातून पीप साइटचा आणखी एक फायदा कळतो. मागची साइट नळीवरून रिसीव्हरवर नेली की दोन्ही साइटमधलं अंतर वाढतं. ते ६०० मिलिमीटर झालं तर तेवढ्याच १५ सेंटिमीटरसाठी ०.९ मिलिमीटर लागतात. म्हणजेच नेम धरताना तेवढीच चूक झाली, तर गोळी आधीपेक्षा कमी सरकते.

आणखी एक गोष्ट. रिसीव्हर साइट अनेकदा मूळ साइटपेक्षा उंच बसते. मग जुनी माशी बुटकी पडते आणि मागची साइट तळाला टेकवली तरी गोळी वरच लागते. अशा वेळी उंच माशी घ्यावी लागते. नव्या साइटसोबत माशीचा खर्चही धरायचा तो यासाठी. आणि माशी घासून ठेंगणी करायची वेळ आलीच, तर थोडं घासायचं, झाडून बघायचं, मग पुन्हा घासायचं. घासलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही.

मग स्कोप लावूच नये का?

तसं नाही. डोळे फारच कमजोर असतील किंवा अंधुक उजेडात लक्ष्य नीट ओळखायचं असेल, तर स्कोप हाच सुरक्षित पर्याय ठरतो. पण लिव्हर-अ‍ॅक्शनवर लावताना तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, जुन्या रायफलींचा दस्ता खुल्या साइटसाठी बनवलेला, म्हणजे खाली उतरता असतो. स्कोप उंच बसला की गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि नेम दर वेळी वेगळा धरला जातो. म्हणून स्कोप जितका खाली बसेल तितका चांगला. नाहीतर दस्त्यावर चामड्याची गादी बांधावी लागते.

दुसरी, यातल्या बहुतेक रायफलींचा घोडा बाहेर असतो आणि तो अंगठ्याने ओढावा लागतो. वर स्कोप आला की अंगठ्याला जागा उरत नाही. मग घोड्याला आडवी छोटी दांडी जोडतात. हे टाळून अंगठा निसटला, तर नको तेव्हा गोळी सुटू शकते.

तिसरी, मोठा स्कोप घेऊन फायदा नाही. .३०-३० ची गोळी १०० यार्डांवर जुळवली तर २०० यार्डांपर्यंत जाताना सुमारे ७-८ इंच खाली उतरते. ही मुळात जवळच्या अंतराची, झाडीतली रायफल. तिला कमी ताकदीचा छोटा स्कोप पुरतो. १२ एक्सचा लांबलचक स्कोप चढवला, की सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेला गुणच निघून जातो. हलकी, सडपातळ रायफल डोक्यावर ओझं घेऊन फिरते आणि एका हातात मधोमध धरायची जागाही अडते.

भारतात याचा उपयोग काय?

भारतात शस्त्र कायदा १९५९ नुसार बंदुकीसाठी परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. शिकारीवर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार बंदी आहे. त्यामुळे यातलं बहुतेक आपण गेममध्ये, सिनेमात किंवा फार तर अमेरिकेतल्या एखाद्या नातेवाइकाच्या फोटोतच बघणार.

तरी एक गोष्ट इथेही लागू पडते. आजोबांचं घड्याळ असो, वडिलांची बुलेट असो की जुना कॅमेरा, नवा भाग बसवण्याआधी विचारायचे प्रश्न सारखेच आहेत. हे यंत्र काय मान्य करतं? मला खरंच कशाची गरज आहे? आणि उद्या हे परत पूर्ववत करता येईल का?

थोडक्यात

• पुंगळी वर उडत असेल तर स्कोप मधोमध नको. बाजूने उडत असेल तर स्कोप बसतो.
• चाळिशी लागली असेल तर खाचेपेक्षा गोल भोकाची पीप साइट सोपी.
• माशीचा आकार अंतरावर ठरतो. मोठी माशी जवळच्यासाठी, बारीक माशी लांबच्यासाठी.
• भोकं आधीच असतील तर ती वापरा. नसतील तर ड्रिल उचलण्याआधी बाकीचे सगळे पर्याय संपवा.

पुढच्या वेळी मिरामारमध्ये विन९४ उचलाल तेव्हा लिव्हर ओढल्यावर पुंगळी कुठून उडते ते जरा बघा. मूळ रायफलीवर स्कोप का चढत नव्हता, याचं उत्तर तिथेच आहे.